माळकऱ्याच्या घरातल्या शिवल्या

या मंडळी, जरा जवळ या. ते भिंतीला टेकलेले दादा, तुम्हीपण सरका पुढं. गोष्ट हळू आवाजाची आहे, लांबून ऐकू यायची नाही. बुवांचा चहा होतोय, मृदंगाला कणीक लागतेय, तोवर आमच्याच गावातलं एक सांगतो. एका माळकऱ्याचं, त्याच्या बायकोचं आणि टोपभर शिवल्यांचं. हो, त्याच त्या खाडीच्या चिखलातल्या शिंपल्या, कुणी तिसऱ्या म्हणतं. मंडपात बसून हे काय नाव काढलं म्हणून रागावू नका. आधी ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

ठाकुर्लीच्या खाली, खाडीला लागून आमचं गाव. आता गाव म्हणजे देऊळ, तलाव आणि दोन आळ्या. बाकी सगळे टॉवर. नाथा त्यातल्याच एकात सातव्या मजल्यावर राहायचा. तरणेपणी मिठागरावर राबलेला माणूस. पुढं खाजणाची, खाऱ्या पाण्याकाठची जमीन बिल्डरकडं गेली, तिच्या बदल्यात फ्लॅट आला.

पौषात नाथा आजारी पडला. एका दिवशी धाडकन नाही. आधी पायातली चप्पल मागं राहायला लागली. हा चार पावलं पुढं गेलेला, चप्पल मागं, आणि याला पत्ता नाही. पोरं हसायची. मग देवळाच्या पायरीवर दोनदा तोल गेला. जीभ लाल, गुळगुळीत झाली, भाकरीचा तुकडा टेकला की डोळ्यांत पाणी. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, कागद हातात धरून विचारलं, "काका, मासे-मटण खाता?"

नाथानं गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला.

"किती वर्षं झाली?"

"एकोनीस."

"दूध, ताक?"

"चा पितो."

बाई लक्ष्मीकडं वळल्या. लक्ष्मी म्हणजे नाथाची बायको. "मावशी, यांच्या अंगात बी-ट्वेल्व फार कमी झालंय, लोहही कमी. त्यानं पायांच्या नसा बधिर झाल्यात. इंजेक्शनं मी देतेय, ती चुकवायची नाहीत. पण पोटात अन्न जायला पाहिजे. दोन चमचे पेजेवर माणूस उठायचा नाही. तुम्ही खाडीकाठचे ना? शिंपल्यांत तर हे सगळं भरपूर असतं. यांना चालत असतं तर..." माळेकडं बघून त्या तिथंच थांबल्या.

तीन आठवडे गेले. इंजेक्शनं चालू होती, पण नाथा खाईना. सून रसिका मऊ भात करायची, मुगाचं कढण करायची. मुलगा मयूर कामावरून येताना डाळिंबं आणायचा. तिघं पलंगाभोवती उभे राहायचे, नाथा दोन चमचे घ्यायचा आणि भिंतीकडं तोंड करायचा.

"अवो, थोरा तरी," लक्ष्मी म्हणायची.

"तोंडान काय लागत नाय गो. माती खाल्ल्यावानी वाटतं."

एका दुपारी ती ओल्या फडक्यानं त्याचे पाय पुसत होती. तळव्यावरून फडकं फिरलं तरी त्याला कळत नव्हतं. हेच तळवे एके काळी चिखलात रुतवून तो शिवल्या हुडकायचा. टाचेखाली कडक काही लागलं की वाकायचा, हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि मूठभर घेऊनच वर यायचा. लक्ष्मी लग्न होऊन आली तेव्हा त्यानंच तिला शिकवलं होतं. "डोल्यांनी बगू नको, पायांनी बग." पहिल्या दिवशी तिच्या पायाला शिंपल्यांची धार लागून रक्त आलं होतं आणि हा बांधावर बसून हसला होता.

फडकं पिळताना तिला त्याचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"शिवल्या," तो म्हणाला.

"कं म्हनालाव?"

तो झोपेतच होता. लक्ष्मी तशीच बसून राहिली, फडक्यातलं पाणी तिच्या लुगड्यावर गळत राहिलं.

आता माळेचं सांगायला हवं. जमीन गेली त्या वर्षी नाथाच्या हाताला काम राहिलं नाही आणि हातात बाटली आली. दोन वर्षं त्या घरानं काय सोसलं ते आळीला ठाऊक आहे. मग सप्ताहात विठ्ठलवाडीच्या धोंडीबा बुवांचं कीर्तन झालं. नाथा मंडपाच्या बाहेर, चपलांच्या ढिगाजवळ उभा होता. काल्याच्या दिवशी आत आला आणि बुवांसमोर मान वाकवून बसला. बुवांनी माळ घातली. त्या दिवसापासून दारू नाही, शिवी नाही, हरिपाठ चुकला नाही. घरातले मासळीचे टोप लक्ष्मीनं भंगारवाल्याला दिले. तिला माळ नव्हती. पण नवरा परत मिळालेल्या बाईनं सुकटीच्या चटणीचं नाव काढायचं कसं? ती माहेरी, दिवा गावाला गेली तरी भावजयीला म्हणायची, मना डाल चालंल. खालच्या मजल्यावर कुणी कालवण टाकलं की ती गॅलरीत कपडे वाळत घालायला जायची. कपडे वाळत घालून झाले तरी उभी राहायची.

संध्याकाळी ती पुलाखालच्या बाजारात विमलाबाईकडं गेली. विमलाबाई सत्तरीची, एके काळची तिची खाडीतली जोडीदारीण, अजून पाटी घेऊन बसते.

"अगो बाय! वाट चुकलीस का लक्षमे? भाजीवाली तकरं बसते."

"शिवल्या पायजेत."

विमलाबाईचा कोयता हातातच राहिला. "कोनाला?"

"त्यांना."

"नाथाला?" तिनं इकडं तिकडं बघितलं. "न गल्यातली माल?"

"बुवांना इचारीन. तू पयली शिवल्यांचा सांग."

"माज्याकरं हायेत त्या ठान्याच्या मारकेटातल्या, बरफातल्या. आजाऱ्याला त्या नको. आपल्या बांधाखालच्या तर घेऊच नको, घासलेटचा वास मारतान. दिव्याच्या अंगाला, तिवरांच्या पल्याड एक जागा हाय. तथं भरतीचा चांगला पानी येतं. परवा आवस. आवस न पुढले दोन दिस सुकती खाली जाते. मंग पानी वर. चालशील चिखलान? का लिफ्टशिवाय पाय उचलत नाय आता?"

"तुज्यापुढं चालन."

"बग हां, बोललीस. मना उचलून आनाय लावू नको."

मयूरला कळलं तेव्हा तो शर्टाची बटणं लावता लावता थांबला. "आई, तू वेडी आहेस का? या वयात खाडीत? ॲपवर मागवतो ना मी, साफ केलेल्या येतात, पॅकेटमध्ये."

"त्यांच्यान पानी नसतं रे. पान्यान तर सगला जोर असतो."

"आणि बाबा खातील? बाबा?"

लक्ष्मी जाळीची पिशवी शोधायला लागली. रसिका शेजारी कणीक मळत होती. तिचं माहेर मोहन्याचं, मूळ गाव संगमनेरकडं, घर तीन पिढ्यांचं माळकरी. तिनं आयुष्यात मासा कापताना बघितला नव्हता. पण सासरा खाईना म्हणून तीही आठवडाभर नीट जेवली नव्हती.

अवसेच्या सकाळी सात वाजता, ओहोटीची वेळ धरून, दोघी निघाल्या. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, कमरेला जाळीची पिशवी, हातात पाण्यासाठी पाच लिटरचा कॅन. खाडीकडं जायची वाट नव्या कॉम्प्लेक्सच्या गेटातून जाते. गेटवरच्या वॉचमननं काठी आडवी केली.

"मावशी, किधर?"

"खारीवं."

"इधर से नहीं जाने का. रजिस्टर में नाम लिखो. काम क्या है?" त्यानं विमलाबाईच्या पिशवीकडं बघितलं आणि स्वतःच लिहिलं. लक्ष्मीला वाचता येत होतं. नावाच्या जागी त्यानं 'मछलीवाली, दो' लिहिलं. "पीछे से जाओ, नाले के बाजू से. गार्डन में पैर का कीचड़ नहीं चाहिए."

तो बगीचा होता तिथं लक्ष्मीच्या सासऱ्यानं मिठाचे वाफे बांधले होते. विमलाबाईनं तोंड उघडलं होतं, लक्ष्मीनं तिचं मनगट धरलं.

"चल गो. पानी वाट नाय बगायचा."

नाल्याच्या कडेनं, भिंतीला अंग घासत त्या गेल्या. पुढं तिवरांची दाट झाडी. मुळांच्या खुंट्यांतून पाय टाकत जायचं. मग उघडा चिखल, उन्हात चकाकणारा. लक्ष्मीनं पहिला पाय टाकला आणि तो मांडीपर्यंत गेला. गार चिखल बोटांच्या फटींतून वर आला. ती तशीच उभी राहिली.

"रुतलीस का?" विमलाबाई पुढून ओरडली.

"नाय गो. ऊबी हाय."

"ऊबी राह्यला आयलीस का वेचाय?"

एकोणीस वर्षांत तळवे मऊ झाले होते. पहिला अर्धा तास तिला नुसते दगड लागले, तुटक्या काचा लागल्या, एक प्लास्टिकची बाहुली लागली. कमरेत कळ यायला लागली. मग टाचेखाली काहीतरी गुळगुळीत, गोल सरकलं. ती वाकली, हात घातला, मुठीत चार शिवल्या आल्या. एकीनं तिच्या मनगटावर पाण्याची चिळकांडी उडवली. लक्ष्मी एकटीच मोठ्यांदा हसली. मग तिला हात थांबवता येईना. पाणी वर चढायला लागलं तरी वेचतच होती. विमलाबाईनं पदराला धरून ओढली तेव्हा निघाली. निघताना वाहत्या पाण्यात कॅन भरून घेतला.

घरी यायला अकरा वाजले. स्वयंपाकघरात शिवल्या न्यायच्या नाहीत, हे तिनंच ठरवलं होतं. गॅलरीत विमलाबाईकडून मागून आणलेला टोप ठेवला, त्यात त्या ओतल्या, वर कॅनमधलं खाडीचं पाणी. चार-पाच तासांत त्या तोंडं उघडतात, पोटातली रेती टाकून देतात. मग शिजवायच्या. तिनं अंघोळ केली, नाथाला पेज भरवायला बघितली, त्यानं मान फिरवली. जमिनीवर अंग टाकलं आणि डोळा लागला.

चारला उठून गॅलरीत गेली. टोपातलं पाणी नितळ, काचेसारखं. वर तुळशीचं एक पान तरंगत होतं. शिवल्या सगळ्याच अर्धवट उघडून पडलेल्या. तिनं त्यांतल्या एकीला टिचकी मारली. मिटली नाही. दुसरीला मारली.

"रसिका!"

रसिका ओले हात पुसत आली. "आई, मी पाणी बदललं त्यांचं. ते किती गढूळ होतं, वास येत होता. बाबांच्या पोटात जायचं म्हणून मशीनचं प्यायचं पाणी घातलं. आणि देवघरातलं तुळशीपान. म्हटलं, निदान..." सासूचा चेहरा बघून तिचा आवाज खाली गेला. "काय झालं?"

"गोऱ्या, पियाच्या पान्यान त्या जगत नायत गो, पोरी. मेल्या सगल्या."

"सगळ्या?"

"मेलेली शिवली खायची नाय. बाधते."

रसिका टोपाशी खाली बसली. एक शिवली हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी मिटायला बघत राहिली. "मी चांगल्यासाठी केलं हो आई," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. लक्ष्मीला राग आला होता. कमर मोडली होती, घोट्याला तीन ठिकाणी कापलं होतं. पण त्या पोरीच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. तिनं तुळशीचं पान तेवढं उचलून कुंडीत ठेवलं. "उंद्या परत सुकती हाय," ती म्हणाली.

संध्याकाळी धोंडीबा बुवा नाथाला बघायला आले. ऐंशीला टेकलेले, पण आवाज अजून मंडप भरणारा. हरिपाठ झाला. जाताना लक्ष्मीनं त्यांना दाराशी गाठलं आणि सगळं सांगितलं. तो एक शब्द त्यानं झोपेत उच्चारल्याचंही.

"बुवा, माझं चुकत असेल तर सांगा. पण माणूस माझ्या डोळ्यांसमोर चाललाय." बुवांशी बोलताना ती शुद्ध बोलायची.

बुवा चपलेत पाय घालता घालता थांबले. "माळ मी घातलीय, मीच उतरवीन. औषध म्हणून घेईल तो. बरा झाला की पुन्हा घालीन. पांडुरंगाला काय सांगायचं ते मी सांगतो, तू नको घाबरू."

लक्ष्मी घाबरलीच होती. माळ उतरली आणि माळेमुळं गेलेली बाटली परत आली तर? हे तिला बुवांना विचारायचं होतं. पण लिफ्ट आली.

दुसऱ्या दिवशी पाणी पाऊण तास उशिरा उतरायचं होतं. दारात रसिका उभी, हातात कॅन, साडी वर खोचलेली.

"तू कुठं?"

"पाणी मी आणणार. माझ्या हातानं."

विमलाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बग गो बाय, आता मालकरनीला पन खारीचा पानी लागला! पयली ती पैंजना कार, नायतर चिखल ठेवून घेल."

वॉचमननं आज विचारलंही नाही, 'मछलीवाली, तीन' लिहून घेतलं. रसिका तिवरांच्या मुळावर एक हात ठेवून, नाकाला पदर लावून दोन तास उभी राहिली. सासू चिखलात वाकायची, उठायची, पुन्हा वाकायची. मध्येच लक्ष्मीनं मान वर केली तेव्हा तिच्या कपाळाला चिखल होता आणि ती कुणीतरी दुसरीच बाई दिसत होती, तरुण. रसिकानं नाकावरचा पदर कधी काढला ते तिलाही कळलं नाही.

या खेपेला टोपापाशी रसिका स्वतः राखण बसली. दुपारी शिवल्यांनी तोंडं उघडली, बारीक नळ्या बाहेर काढल्या. ती आत ओरडून सांगायची, "आई, रेती टाकतायत!"

चारला बुवा आले. लक्ष्मीनं गॅलरीत शेगडी मांडली. शिवल्या चोळून धुतल्या, टोपात ठेचलेला लसूण, हळद, दोन मिरी, तांब्याभर पाणी. झाकण ठेवलं. वाफ आली तशा शिवल्या एकेक करत टकटक उघडायला लागल्या आणि त्यांच्या पोटातलं निळसर दुधी पाणी टोपात उतरलं. तो वास गॅलरीतून हॉलमध्ये आला, देवघरावरून गेला, नाथाच्या खोलीत शिरला. मयूर लवकर घरी आला होता, तो दारातच थबकला.

लक्ष्मीनं वाडगा भरला. नाथाला उशीला टेकवून बसवलं होतं. त्याच्या नाकपुड्या हलत होत्या.

बुवा पलंगावर त्याच्या बाजूला बसले. "नाथा, औषध आहे हे. मी आहे." आणि त्यांनी माळेला हात घातला.

नाथाचा हात वर आला. चमचा धरवत नव्हता तो हात. त्यानं बुवांची बोटं धरली, माळेसकट.

"बुवा, ऱ्हाऊ द्या."

"अरे, मी सांगतोय ना?"

"तुमी सांगताव. पन ऱ्हाऊ द्या."

दोन दिवसांचा चिखल, कमरेची कळ, मेलेला पहिला टोप, सगळं लक्ष्मीच्या आवाजात उतरलं. "मंग शिवल्या का म्हनालाव? मी कानांनी आयकलंय. दोन दिस मी खारीन..."

"म्हनालो?" नाथा तिच्याकडं बघत राहिला. "मना तू दिसलीस गो सपनान. बांधावं बसून शिवल्या फोरत व्हतीस न खात व्हतीस. मी एक मागली तं देत नव्हतीस. हसत व्हतीस नुसती." त्याला दम लागला. "तुना खाताना बगून कवरी वर्सं झाली."

लक्ष्मीनं वाडगा खाली ठेवला.

"तू खा," तो म्हणाला. "आथं बस. माज्यासमोर खा."

"मी सोरलंय."

"कवा सोरलास? माल मी घातली. तुना कोनी इचारला?" त्यानं बुवांकडं बघितलं. "तुमी इचारला व्हता, बुवा?"

बुवांनी मान खाली घातली. "नाही रे," ते म्हणाले. "तिला कुणीच नाही विचारलं."

रसिकानं थाळीत भात आणला. लक्ष्मी पलंगाच्या पायथ्याशी मांडी घालून बसली. मुलगा, सून, बुवा सगळे समोर. तिला नव्या नवरीसारखं अवघडलं. तिनं एक शिवली उचलली, ओठाला लावली, आतलं पाणी ओढलं, मग दातांनी मांस सोडवलं. दुसरी उचलली. तिसरीपासून तिनं वर बघणं सोडून दिलं. भात कालवला, बोटं चाटली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिनं पुसलं नाही, दोन्ही हात गुंतले होते.

"कशी हाय?" नाथानं विचारलं.

"गोर हाय. जरा खारी."

"लसून लय परला का?"

"नाय. बेस हाय."

"ती मोठी घे. ती बाजूची. हां."

रिकाम्या शिंपल्यांचा ढीग वाढत गेला. नाथा एकेकीकडं बघत होता, तोंडात काही नसताना त्याचा गळा वरखाली होत होता. मग तो म्हणाला, "सूनबाय, माजी पेज कयाला ठेवलीस? आन. आथंच आन, हिच्याबरं बसतो."

त्याला खाली उतरवायला मयूर आणि बुवा दोघं लागले. भिंतीला टेकवलं. रसिका भरवायला गेली, त्यानं वाडगा स्वतःच्या हातात घेतला. निम्मी पेज छातीवर सांडली. पण वाडगा रिकामा झाला आणि त्यानं तो पुन्हा पुढं केला.

तीन आठवडे सगळं घर त्याच्या पलंगाभोवती उभं राहून त्याला भरवत होतं. त्याच्याबरोबर जेवायला कुणी बसलं नव्हतं.

चैत्रात नाथा काठी घेऊन देवळापर्यंत यायला लागला. इंजेक्शनं चालू राहिली, डॉक्टरीणबाई ताक-दही वाढवा म्हणाल्या, त्यानं वाढवलं. पायांची जाण पुरती आली नाही. माळ गळ्यात आहे. प्रत्येक अवसेला लक्ष्मी खाडीवर जायची, गॅलरीत टोप मांडायची, आणि नाथा ताकभात घेऊन तिच्यासमोर बसायचा. असं नऊ-दहा वेळा झालं. मग तिवरांच्या पल्याड डंपर आले, भराव पडला, ती जागा गेली. विमलाबाईनं दुसरी शोधली, मिळाली नाही. लक्ष्मी अजून अवसेच्या सकाळी नाल्याच्या कडेनं जाते, भरावावर उभी राहते आणि हात हलवत घरी येते. नाथा गॅलरीत तिची वाट बघत असतो.

मृदंग लागला वाटतं. बुवा येतायत, पुढं वाट द्या. जाता जाता माझं एकच मागणं आहे. तुमच्या ताटात कधी शिवल्या आल्या, तर पहिली उघडताना क्षणभर थांबा आणि आमच्या लक्ष्मीची आठवण काढा.